बे एके बे, एरडोंद्ले एरडु

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एखाद्या गावात मराठी आणि कन्नड शाळा एकाच आवारात असतील, तर सकाळी दोन्हीकडचे पाढे एकमेकांत मिसळतात. इकडून ‘बे एके बे, बे दुणे चार’, तिकडून ‘एरडोंद्ले एरडु, एरडेरड्ले नाल्कु’. चाल जवळपास एकच. मास्तर जरा बाहेर गेले की दोन्हीकडचा आवाज सारखाच चढतो.

सीमाभागातल्या शाळांबद्दल आपण लिहितो ते बहुतेक फलकांबद्दल, परिपत्रकांबद्दल आणि मोर्च्यांबद्दल. सहा वर्षांचं पोर पाटीवर नेमकं काय गिरवतंय, कोणत्या क्रमाने आणि ते तिथे आलं कुठून, हे विचारायचं राहून जातं. म्हणून हे टिपण.

सरकारी शाळा येण्याआधी पंतोजींची शाळा होती. ती देवळाच्या ओवरीत नाहीतर सावकाराच्या पडवीत भरे. उत्तर कर्नाटकात अशा शाळेला ‘गांवठी साली’ म्हणत, म्हणजे कन्नडमध्येसुद्धा शब्द आपलाच. सुरुवात धूळपाटीवर. फळीवर बारीक धूळ पसरायची, तीत बोट फिरवून अक्षर काढायचं, मग हात फिरवून सपाट करायचं. पहिला धडा ‘ॐ नमः सिद्धम्’, त्याचा पोरांच्या तोंडी झाला ओनामासिधं आणि त्यावरूनच कशाचाही ‘ओनामा’ आला. तेलुगूत मुळाक्षरांना आजही ओनमालु म्हणतात. छापील पुस्तक नव्हतंच. सगळं तोंडपाठ.

पाठ काय करायचं, तर सर्वांत आधी उजळणी. आणि ती नुसती तीसपर्यंतच्या पाढ्यांची नव्हे. अपूर्णांकांचे पाढेही: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, शेराचे पाव-अर्धे-पाऊण, असा बाजार असताना सवापाच शेर तांदळाचे पैसे तोंडी काढायला हे लागायचंच. पोराला व्यवहार यावा, पाटील-कुलकर्ण्याच्या दप्तरात कुणी फसवू नये, एवढाच अभ्यासक्रम. लिपी दोन: पोथीसाठी बाळबोध, पत्र-हिशेबासाठी मोडी. बेळगाव-धारवाडकडचं पेशवाई आणि जहागिरींच्या काळातलं बरंचसं दप्तर मोडीत होतं, गाव कन्नड बोलणारं असलं तरी.

इथेच सीमाभागातल्या मराठी वाचकाला थोडं अडचणीत टाकणारी गोष्ट येते. १८१८ नंतर हा मुलूख मुंबई इलाख्यात गेला. इंग्रजांच्या कागदांत त्याचं नावच ‘दक्षिण मराठा मुलूख’. दप्तर मराठी, म्हणून लोकही मराठीच असणार असं धरून सरकारी शाळा मराठीतून उघडल्या गेल्या. घरात कन्नड बोलणारी हजारो मुलं शाळेत मराठी गिरवू लागली. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर, म्हणजे कंपनी सरकारच्या शिक्षणधोरणानंतर, १८५५ मध्ये मुंबई इलाख्याचं शिक्षण खातं उभं राहिलं. त्यानंतरच्या काळात रसेल हा इंग्रज शिक्षणाधिकारी आणि त्याच्याबरोबर काम करणारे डेप्युटी चन्नबसप्पा यांनी गावोगाव फिरून कन्नड शाळा काढल्या, कन्नड मास्तर तयार केले. धारवाडकडे चन्नबसप्पांचं नाव अजून आदराने घेतलं जातं. आपल्याकडे ते फार कुणाला माहीत नाही. कन्नड शिक्षणाला या भागात जागा मिळवावी लागली, ती आयती मिळाली नाही. १९१६ मध्ये बेळगावातच सात जणांनी केएलई ही शिक्षणसंस्था उभी केली, त्यामागेही हीच भूक होती. पुढे शाळेच्या भाषेचा काटा उलटा फिरला तेव्हा आपली पोरं जिथे उभी राहिली, तिथे आधी त्यांची उभी होती.

दोन्ही भाषा अंगावर घेऊन वाढणं तेव्हा कुणाला विशेष वाटत नसे. द. रा. बेंद्रे यांच्या घरात मराठी होती आणि कविता त्यांनी कन्नडमध्ये लिहिली. सातवीच्या परीक्षेला उत्तर कर्नाटकात ‘मुलकी’ म्हणत. ती झालेला माणूस मास्तर किंवा गावकामगार व्हायचा. शब्दही इकडून तिकडे गेले. दगडी पाटी कन्नड पोरांचीही ‘पाटी’च. दप्तराला ती ‘पाटीचील’ म्हणतात: पाटी मराठी, चील म्हणजे पिशवी कन्नड. महाराष्ट्र एकीकरण समिती आणि कर्नाटक रक्षण वेदिके या दोन्हीकडच्या संघटनांच्या भांडणात या पिशवीचा निकाल कुणी लावलेला नाही.

मग १ नोव्हेंबर १९५६. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. पाचच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ ला, दशमान नाणी आली. मागोमाग किलो आणि मीटर. राज्य आणि रुपया एका शालेय वर्षात बदलले. पावकी-निमकी शाळेतून हळूहळू गेली ती दशमानामुळे, मोडी गेली ती त्याच सुमारास छापखान्याच्या आणि सरकारच्या सोयीमुळे. पण सीमाभागातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीत हे सगळं एकत्र कालवलं गेलंय. ‘राज्य गेलं आणि औटकी गेली’ असं कुणी म्हणालं तर हिशेब चुकीचा असतो, तारखा मात्र जवळपास बरोबर.

शाळा मराठीच राहिल्या. १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलं होतं की शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुलं त्या भाषेची असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यायचा. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५० अ आलं, प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करा असं सांगणारं. मात्र पुस्तकं आणि तपासनीस आता बेंगळूरहून येणार होते. आजही कर्नाटकातल्या मराठी शाळेत मराठी भाषेचं पुस्तक तिथलं वेगळं असतं, गणित आणि परिसर अभ्यास मूळ कन्नडवरून मराठीत आणलेला. महाराष्ट्रातलं चौथीचं पोर शिवचरित्र शिकतं. बेळगावजवळच्या येळ्ळूर-कडोलीच्या पोराला शाळेत कित्तूरची राणी चन्नम्मा भेटते आणि इंग्रजांशी लढलेला संगोळ्ळी रायण्णा, ज्याला १८३१ मध्ये फाशी दिलं ते नंदगड याच खानापूर तालुक्यात. शिवाजी महाराज त्याला दिवाळीच्या मातीच्या किल्ल्यात आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीत भेटतात. शाळेतला इतिहास आणि गल्लीतला इतिहास असे दोन झाले. मुलं दोन्ही सांभाळतात, आपणच उगाच काळजी करत बसतो.

कन्नड वर्गात कधी आणि किती शिरली, याची कथा आदेशांची आहे. शाळेत कन्नडला पहिल्या भाषेचं स्थान द्या म्हणणारा विनायक कृष्ण गोकाक समितीचा अहवाल, त्याच्या अंमलबजावणीसाठीचं १९८२ चं गोकाक आंदोलन, आणि मग १९८६ ची कन्नड सक्ती. त्या वर्षी १ जूनला आंदोलकांवर गोळीबार झाला. बेळगावजवळच्या हिंडलग्याचं हुतात्मा स्मारक त्याचंच. १९८९ च्या सरकारी आदेशात पहिली ते चौथी मातृभाषा, आणि अमराठी नव्हे, अकन्नड मुलांना (पाहा, लिहितानाही हात कुठे जातो) तिसरीपासून कन्नड ऐच्छिक, अशी मांडणी होती. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २००७-०८ पासून पहिलीपासून इंग्रजी आलं. २०१४ मध्ये घटनापीठाने सांगितलं की प्राथमिक शिक्षणाचं माध्यम सरकार लादू शकत नाही. याचा फायदा मराठी शाळेपेक्षा इंग्रजी शाळेलाच जास्त झाला. पाठोपाठ २०१५ चा कन्नड भाषा शिक्षण कायदा: सगळ्या शाळांत पहिलीपासून कन्नड, पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून. तिसरीपासूनचं ऐच्छिक पंचवीसेक वर्षांत पहिलीपासूनचं सक्तीचं झालं.

सक्तीवर भांडायला जागा आहे आणि ते भांडण चालूही आहे. पण वर्गात काय घडतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. मराठीची मुळाक्षरं क-ख-ग ने चालतात. कन्नड पहिलीत अक्षरं वळणाच्या सोपेपणाने येतात: आधी र, ग, स, द, अ, मग ज, व, म, ब, न. पहिल्या पाच अक्षरांत ‘सर’, ‘अरस’ असे शब्द जुळायला लागतात. याच जातीचा विचार ‘नलि-कलि’ या शिकवण्याच्या पद्धतीत आहे. १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात तो सुरू झाला. कार्डं, गाणी, गोल बसणं, प्रत्येक मुलाने आपल्या वेगाने पायऱ्या चढणं. २००९-१० पासून तो राज्यभरच्या सरकारी कन्नड शाळांत पहिली-दुसरीला गेला. मराठी वर्गाला त्यातलं पुष्कळ उचलण्यासारखं आहे.

आकड्यांची गंमत वेगळी. मराठीत सत्तावीस म्हणताना सात आधी येतात, वीस मागून. एकोणतीसमध्ये तर तिसातून एक वजा. कन्नडमध्ये इप्पत्तेळु, वीस आणि सात, सरळ. पहिलीतलं मराठी पोर ‘सत्तावीस’ ऐकून ७२ लिहितं, हे कुठल्याही बाईंना विचारा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस सात’ आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या. बेळगावातली पोरं हे दोन्ही प्रकार बाजारात लहानपणापासून बोलत आलीत.

अडतात ती दुसरीकडे. कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ दोन-दोन, ऱ्हस्व आणि दीर्घ. देवनागरीत ऱ्हस्वासाठी खूणच नाही, कानही तयार नसतो. ऱ्हस्व ओ घेऊन ‘कोडु’ म्हणजे दे. दीर्घ ओ लावला तर शिंग. मराठी पोर हमखास गल्लत करतं, आणि अक्षराच्या डोक्यावरचा तलेकट्टु, तो छोटा फाटा, शिरोरेषेसारखा लांब ओढून ठेवतं. उलट कन्नड घरातली मुलं मराठी वाचताना ‘चमच्या’तला च ‘चंद्रा’तल्यासारखा म्हणतात.

कन्नडचे सर पाटीवर वाकतात, ओच्या पुढे दीर्घाची छोटी खूण काढतात आणि विचारतात, “आता काय झालं?” पोरगी थोडा वेळ बघते. “शिंग झालं, सर,” म्हणते, आणि थुंकी लावून पुसायला लागते.