इस्ट्रोजेनची घट, मधुमेह आणि हृत्स्नायू

रजोनिवृत्तीनंतर किंवा दोन्ही बीजकोश काढल्यावर इस्ट्रोजेन (स्त्रीमदजन) घटते. त्यात मधुमेहाची भर पडली की हृदयाच्या स्नायूचे शिथिलन आणि पुढे आकुंचनही बिघडते. हृदयधमन्यांतील अडथळा, झडपांचे दोष किंवा उच्च रक्तदाब यांनी ज्याचा उलगडा होत नाही, अशा बिघाडाला मधुमेही हृत्स्नायुविकार म्हणतात.

संकल्पनेचा उगम बहुधा शर्ली रुब्लर व सहकाऱ्यांच्या 1972 च्या लेखापासून धरला जातो. हृदयधमन्यांत मोठा अडथळा नसतानाही हार्ट फेल्युअर झालेल्या चार मधुमेहींची शवविच्छेदने त्यात नोंदली होती. काही लेखक क्नूड लुंडबेक यांच्या 1950 च्या दशकातील लिखाणाकडे बोट दाखवतात. पण त्यांचा भर रक्तवाहिन्यांवर होता, त्यामुळे 1972 हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते. 1974 मधील फ्रॅमिंगहॅम (अमेरिकेतील एका गावच्या रहिवाशांची दीर्घकालीन हृदयरोग-पाहणी) निष्कर्षांत मधुमेही पुरुषांत हार्ट फेल्युअरचे प्रमाण सुमारे दुप्पट, तर मधुमेही स्त्रियांत सुमारे पाचपट आढळले. रजोनिवृत्तीपूर्वी स्त्रीच्या हृदयाला असलेले संरक्षण मधुमेहात बरेचसे नाहीसे होते, या मताला तेव्हापासून बळ मिळाले.

शिथिलन आधी बिघडते, याचे मुख्य कारण कॅल्शियम. प्रत्येक ठोक्याला पेशीतील जालिकेतून कॅल्शियम सुटते आणि सर्का-2ए हा पंप ते परत ओढून घेतो. फॉस्फोलॅम्बन हा या पंपाचा ब्रेक. मधुमेहात पंप मंदावतो, कॅल्शियम पेशीद्रवात रेंगाळते आणि स्नायू वेळेत सैल पडत नाही. ग्लुकोज चिकटून कोलॅजनचे धागे एकमेकांत अडकतात, म्हणून भिंतही ताठरते. इस्ट्रोजेन त्याच्या ग्राहींमार्फत नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती टिकवते आणि तंतुमयता रोखते. ते घटले की हा आधार जातो.

येथवर बहुतेक संशोधक सहमत आहेत. मतभेद आहेत ते उंदरांवरील प्रयोगांच्या अर्थाविषयी. बीजकोश काढलेल्या उंदरांत स्नायुतंतूंची कॅल्शियम-संवेदनशीलता वाढल्याचे निष्कर्ष आहेत, तर मधुमेहात ती बहुधा घटते. त्यामुळे दोन्ही परिणामांची सरळ बेरीज करता येत नाही. मायोसिन या आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनाचा वेगवान अल्फा प्रकार मागे पडून संथ बीटा प्रकार वाढणे हे दोन्ही स्थितींत दिसते. पण माणसाच्या निलयात (हृदयाच्या खालच्या कप्प्यात) मुळातच बीटा प्रकारच प्रमुख असतो, म्हणून हा निष्कर्ष रुग्णाला जसाच्या तसा लावू नये. शिवाय स्ट्रेप्टोझोटोसिन (प्रयोगात मधुमेह घडवणारे द्रव्य) दिलेल्या उंदरांत थायरॉइड संप्रेरकही घटते आणि त्यानेही हाच बदल होतो.

प्रयोगपद्धतीतही फसगत होते. स्ट्रेप्टोझोटोसिन 4.5 पीएचच्या सायट्रेट द्रावणात विरघळवून लगेच टोचावे लागते. ठेवले तर निकामी होते. मादी उंदीर या द्रव्याला नरांपेक्षा कमी दाद देतात. बीजकोशाचा तुकडा मागे राहिला तर गर्भाशय आक्रसत नाही, म्हणून शेवटी गर्भाशयाचे वजन पाहणे आवश्यक ठरते. बीजकोश काढल्याने वजन वाढते, मधुमेहाने घटते. अशा वेळी हृदयाचे वजन शरीराच्या वजनाशी ताडले तर खोटी वृद्धी दिसू शकते. नडगीच्या हाडाची लांबी हे त्याहून भरवशाचे माप आहे.

रुग्णात पहिली खूण बहुधा चालताना लागणारी धाप. इजेक्शन फ्रॅक्शन (प्रत्येक ठोक्याला डाव्या निलयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचे प्रमाण) 50 टक्क्यांच्या वर असूनही दोष असू शकतो. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) मिट्रल झडपेच्या टोकाशी रक्तप्रवाहाच्या ई (निलय सैल पडताना येणारी) आणि ए (अलिंद, म्हणजे वरचा कप्पा, आकुंचताना येणारी) लहरी मोजतात. आधी ई उतरते, पण अलिंदातील दाब वाढला की ती पुन्हा चढून आलेख सामान्य भासतो. म्हणून टिश्यू डॉपलर (स्नायूच्या हालचालीचा वेग मोजणारी तपासणी) आवश्यक: झडपेच्या कड्यावरील ई-प्राइम, म्हणजे शिथिलनाचा वेग, दोन निलयांमधल्या पडद्याकडे सेकंदाला 7 सेंमी.पेक्षा कमी, बाहेरच्या बाजूला 10 सेंमी.पेक्षा कमी, किंवा सरासरी ई/ई-प्राइम 14 पेक्षा जास्त असणे दोषसूचक मानतात.

इस्ट्रोजेन बाहेरून देणे हा हृदयरक्षणाचा उपाय ठरलेला नाही. विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या रजोनिवृत्त स्त्रियांवरील अमेरिकी अभ्यासातील इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन चाचणी 2002 मध्ये मुदतीआधी थांबवली गेली. रजोनिवृत्तीनंतर लवकर सुरू केल्यास फळ वेगळे मिळते का, हा वाद चालू आहे. एम्पाग्लिफ्लोझिन (2021) आणि डापाग्लिफ्लोझिन (2022), दोन्ही रोज 10 मिग्रॅ., या मधुमेहावरील औषधांनी कंसातील वर्षांच्या चाचण्यांत इजेक्शन फ्रॅक्शन टिकून असलेल्या हार्ट फेल्युअरमध्ये लाभ दाखवला. पायोग्लिटाझोन या मधुमेहावरील दुसऱ्या औषधाने शरीरात पाणी साठते. हार्ट फेल्युअरमध्ये ते टाळतात.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये पुढे आला. ‘पिशवी काढली’ एवढ्या उत्तरावरून बीजकोश राखले की काढले हे कळत नाही, आणि इस्ट्रोजेन अचानक तुटते ते दोन्ही बीजकोश गेल्यावर. मधुमेही स्त्रीची माहिती घेताना शस्त्रक्रियेचे कागद पाहून ही नोंद वयासह करावी.