परिमाणात्मक एमआरआय

नेहमीच्या एमआरआय प्रतिमेतील करड्या छटांना स्वतःचे मूल्य नसते. एखादा भाग शेजारच्यापेक्षा उजळ की काळपट, एवढेच त्या सांगतात. यंत्र किंवा त्याची मांडणी बदलली की छटाही बदलते. परिमाणात्मक एमआरआयमध्ये प्रत्येक बिंदूपाशी ऊतीचा एखादा भौतिक गुणधर्म मोजून त्याचा नकाशा काढतात. टी१ व टी२ हे शिथिलन काल (रेडिओलहरींनी विचलित झालेले ऊतीतील अणुकेंद्र पूर्ववत होण्यास लागणारा वेळ) मिलिसेकंदांत, मेद टक्क्यांत, तर ताठरपणा किलोपास्कलमध्ये मिळतो. गंमत अशी की आकडा चित्राच्या आधीचा आहे: अमेरिकी वैद्य रेमंड दमाडियन यांनी १९७१ मध्ये उंदरांच्या गाठींतील शिथिलन काल निरोगी ऊतींपेक्षा जास्त असल्याचे दाखवले, तेव्हा एमआरआय प्रतिमा अस्तित्वातच नव्हती.

आकड्यावर उपचार ठरण्याचे सर्वांत ठळक उदाहरण थॅलॅसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे. वारंवार रक्त चढवल्याने शरीरात लोह साठते आणि ते हृदयात साचले की हृदय निकामी होऊ शकते. रक्तातील फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनावरून किंवा यकृतातील लोहावरून हृदयाची स्थिती खात्रीने सांगता येत नाही. हृदयाचा तुकडा काढून तपासणे जोखमीचे. लोह आसपासचे चुंबकीय क्षेत्र विस्कटते, त्यामुळे टी२-स्टार हा काल (टी२चाच प्रकार, ज्यात क्षेत्राच्या विस्कटण्याचाही परिणाम धरला जातो) घटतो. १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या ताकदीचे एकक) यंत्रावर तो २० मिलिसेकंदांखाली गेला की हृदयात लोह आहे असे धरतात. १० खाली गेल्यास धोका मोठा असतो आणि लोह काढणारे उपचार तातडीने वाढवावे लागतात. रुग्णाला त्रास जाणवण्याआधीच हे कळू शकते.

हृदयाची भिंत जाड दिसते तेव्हा टी१ उपयोगी पडतो: अॅमिलॉइड हे विकृत प्रथिन साचले असेल तर तो वाढतो, फॅब्री या आनुवंशिक रोगात मेदामुळे बहुधा घटतो. यकृतात सुमारे ५ टक्क्यांहून अधिक मेद आढळल्यास ते मेदयुक्त समजतात. मेंदूच्या ताज्या पक्षाघातात पाण्याच्या रेणूंची हालचाल आखडते. ही हालचाल टिपणाऱ्या विसरण प्रतिमेत तो भाग उजळ दिसतो खरा, पण टी२ लांबल्यानेही तसाच उजळपणा येतो. विसरण गुणांकाचा, म्हणजे या हालचालीच्या मापाचा, नकाशा हा घोळ मिटवतो.

अडचण तुलनेची. टी१ चुंबकीय क्षेत्रानुसार आणि मोजण्याच्या पद्धतीनुसार बदलतो, म्हणून निरोगी माणसांची मर्यादा शक्यतो त्याच यंत्रावर ठरवून घ्यावी लागते. ३ टेस्लावर टी२-स्टार मुळातच कमी भरतो. तेथे २० मिलिसेकंदांची सीमा जशीच्या तशी लावता येत नाही.