पहिला अल्बम म्हणजे नेमका कितवा?

डिसेंबरात दापोलीला आमच्या इथल्या गायिका ताईंच्या अल्बमचा लाँच आहे. खेड स्टेशनच्या रस्त्यापासून ते पार हर्णैच्या बंदरापर्यंत बॅनर लागलेत आणि फोटोखाली मोठ्या अक्षरात छापलंय, 'पहिला अल्बम'. त्यावरून जो तो विचारतोय की अहो पहिला कसा, आमच्या माळ्यावर त्यांच्या दहा-बारा कॅसेट पडल्यात त्या काय मग. ताई कोण आणि कुठली गाणी ते सांगत बसत नाही, शिमग्याला पालखी सहाणेवर, म्हणजे देवाच्या चौथऱ्यावर, बसली की स्पीकरवर पहिलं काय लागतं ते इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. घोळ आहे तो 'पहिला' आणि 'अल्बम' ह्या दोन शब्दांचा.

फार मागे गेलं तर जाखडीचा नाच, शक्ती-तुऱ्याच्या सवाल-जवाबाच्या बाऱ्या, नमन-खेळ्यांची सोंगं, कोळीवाड्यातली हळदीची गाणी, सगळंच येईल आणि ते सगळं ताईंच्या गळ्यात आहे पण. एवढंच लक्षात ठेवा की नमनात गवळणीसुद्धा पुरुषच व्हायचे. बायकांनी गायचं ते हळदीला नाहीतर गौरीपुढे, फेर धरून. बाईने हातात माईक घेऊन स्टेजवर उभं राहायचं हे आमच्याकडे ऑर्केस्ट्रामुळे जमलं, म्हणजे सत्यनारायणाच्या पूजेला नाहीतर जत्रेला जो यायचा तो, एक कॅसिओ, एक ऑक्टापॅड, ढोलकी, बेंजो आणि जीपच्या टपावर बांधून आणलेले कर्णे. ताई तिथे आल्या त्या 'लेडीज सिंगर' म्हणून. अनाउन्सर नावसुद्धा घ्यायचा नाही, 'आता आपल्यासमोर येतायत आमच्या लेडीज सिंगर', की शिट्ट्या सुरू.

मग कॅसेट. कॅसेट निघाली १९६३ साली तिकडे युरोपात, पण आमच्या घराघरात पोचली ती ऐंशीच्या दशकात, कुणाचा तरी मुलगा आखातातून टेप घेऊन आला की अख्खी वाडी त्याच्या खळ्यात. साठची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं, नव्वदची म्हणजे पंचेचाळीस, हे गणित तेव्हा पोराटोरांना पाठ होतं कारण कोरी कॅसेट घेऊन दुसऱ्याकडून भरून घ्यायची तर आधी मिनिटं मोजायला लागायची. कंपन्या गणपतीच्या आधी महिनाभर माल बाजारात सोडायच्या, चाकरमानी गावी यायच्या बेताने. एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर पंचवीस-तीस रुपयांना कॅसेट, शेजारी अगरबत्ती आणि कापूर. मुंबईहून येणाऱ्या लक्झरीत ड्रायव्हरकडे एकच कॅसेट असायची, ती रात्रभर उलटसुलट वाजायची, पनवेलला सुरू झालेलं गाणं कशेडी घाटात पुन्हा तेच. ताई माहीत झाल्या त्या अशा, अर्धवट झोपेत. १९९८ च्या २६ जानेवारीला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि निम्मे लोक गाडीने यायला लागले, गाडीत टेप कुठला, तिथे डब्याडब्यात भजन.

आता ह्या कॅसेटवर ताईंचं नाव कुठे होतं ते बघा. माझ्याकडे अजून सात आहेत, परवा सगळ्यांचे आतले कागद काढून वाचले. आठ गाण्यांतली पाच बुवांची, म्हणजे मुख्य पुरुष गायकाची, दोन ताईंची, एक नुसतं म्युझिक. कव्हरवर होडीचा फोटो नाहीतर नऊवारीतली कुणीतरी भलतीच मॉडेल. गायकांच्या यादीत ताई शेवटून दुसऱ्या, दोन ठिकाणी तर 'व इतर' मध्येच. पैसे ठोक मिळायचे, एका दिवसात डबिंग उरकायचं, सही करायची आणि संध्याकाळची एसटी धरायची. सही कशावर केली ते कुणी वाचत नव्हतं. तेव्हा माळ्यावर दहा-बारा कॅसेट असतील, पण त्या ताईंच्या कॅसेट नव्हेत, ताई त्या कॅसेटमध्ये होत्या. माझ्या मते इथेच भांडण संपायला हवं पण संपत नाही, कारण दुसरी बाजू म्हणते की मग व्हीसीडीचं काय, तिच्यावर तर फोटो त्यांचा होता आणि वर स्वच्छ लिहिलं होतं 'अल्बम'.

हा शब्द मुळात फोटोंच्या वहीचा. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर एका बाजूला तीनेक मिनिटंच मावायची, मोठं काही ऐकायचं तर चार-पाच तबकड्या लागायच्या आणि त्या ज्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत घालून विकायचे ती दिसायला फोटोच्या अल्बमसारखी, म्हणून तिला अल्बम म्हणायला लागले. १९४८ मध्ये लाँग प्ले आली, सगळी गाणी एकाच तबकडीत बसली, वही गेली आणि शब्द राहिला. आमच्याकडे ह्यातलं काहीच आलं नाही. आमच्याकडे अल्बम म्हणजे लग्नाचा, जो पाहुण्यांना चहाबरोबर दाखवायचा. कॅसेटला कुणी अल्बम म्हटलं नाही, कॅसेट ही कॅसेटच. अल्बम आला तो व्हीसीडीबरोबर, दोन हजारच्या आसपास, आणि आला तो थेट 'चित्र असलेलं गाणं' हा अर्थ घेऊन. समुद्रावर नाहीतर किल्ल्यावर शूटिंग, मागे आठ पोरी-पोरं एकाच रंगाच्या कपड्यात, की झाला अल्बम. व्हीसीडीत चौऱ्याहत्तर मिनिटं मावायची पण नवीन गाणी दोन-तीनच असायची, बाकी जुन्या कॅसेटमधलीच उचलून त्यांच्यावर नाच बसवलेला. ताईंच्या दोन व्हीसीडी निघाल्या, त्यात नवीन गाणी मोजून पाच. एकीत तर आवाज ताईंचा आणि ओठ हलवतेय दुसरीच.

आणि २०१६ नंतर, फुकटात सिम वाटली गेली आणि डेटा स्वस्त झाला तेव्हापासून, शब्द आणखी आकसला. आता एका गाण्याच्या व्हिडिओला अल्बम म्हणतात. गावातला कुठलाही पोरगा सांगतो, 'काका, अल्बम काढलाय, लाइक करा', आणि असतं ते साडेतीन मिनिटांचं एक गाणं, ड्रोन वर जातो, सुवर्णदुर्ग दिसतो, संपलं. मग ताईंनी गेल्या काही वर्षांत अशी सुटी गाणी सोडली ते अल्बम धरायचे का? त्या हिशोबाने डिसेंबरातला विसावा-पंचविसावा निघेल. बॅनर छापणाऱ्यांनी जुना अर्थ धरलाय, एका गायिकेची, एका बेताने केलेली, एकत्र ऐकायची गाणी, आणि त्या अर्थाने हा पहिलाच. मला तो निर्णय पटतो. जुने लोक चिडलेत तेही चूक नाही म्हणा, त्यांना वाटतं आमची कॅसेट मोजलीच नाही.

त्यांचा दुसरा मुद्दा जास्त अडचणीचा आहे. आठातली पाच गाणी जुनीच आहेत, फक्त पुन्हा गायलेली. ती का पुन्हा गायली? कारण आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा गाण्याचे शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग ह्यांचे हक्क वेगवेगळे धरतो. त्यातला रेकॉर्डिंगचा हक्क कंपनीचा. गाणाऱ्याचा म्हणून वेगळा हक्क कायद्यात आला तोच १९९४ च्या दुरुस्तीत, तोवर ताईंची बरीच गाणी ठोक पैशात होऊन गेली होती. म्हणजे स्वतःचाच आवाज स्वतःच्या अल्बममध्ये घालायचा तर परवानगी दुसऱ्याची. २०१२ च्या दुरुस्तीत दुसऱ्याचं गाणं पुन्हा रेकॉर्ड करायची वाट आहे, मूळ रेकॉर्डिंगला पाच वर्षं होऊन गेलेली हवीत ही अट इथे आरामात बसते, पण वर्षाला निदान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी आधीच भरायची, ती दापोलीच्या खिशाला कुठली झेपणार. म्हणून कवी आणि चाल लावणारे, किंवा त्यांची मुलं, ह्यांच्याकडे घरोघर जाऊन लेखी संमती आणल्या. एका गाण्याच्या कागदावर कवीच्या जागी नुसतं 'पारंपरिक' होतं आणि ते पारंपरिक नाही, हर्णैजवळच्या पाजपंढरीच्या एका आजीने रचलंय, असं वाड्यात सगळे सांगतात, तर आता पहिल्यांदा तिचं नाव लागणार आहे. बरं झालं.

जुनी मूळ टेप मिळाली असती तर निदान ऐकून ताडता आलं असतं. पण जिथे ती ठेवली होती ते चिपळूणचं दुकान २०२१ च्या २२ जुलैला पहिल्या मजल्यापर्यंत पाण्यात. नंतर दुकानदाराने रिळं गच्चीवर वाळत घातली होती म्हणे, शेवयांसारखी. त्यातून आवाज काही परत आला नाही, म्हणून मग आमच्यासारख्यांच्या घरच्या कॅसेट मागवून त्यावरून चाली बसवल्या. ताईंचा आवाज आता दोन सूर खाली आलाय आणि मला तो जास्त आवडतो, पण ते जाऊ दे.

तारखेवरूनही बरीच चर्चा झाली. जून-जुलैत मासेमारी बंद, माणसं घरी असतात पण मैदानात चिखल. गणपतीत चाकरमानी असतो पण पाऊसही असतो. मेमध्ये आंबा आणि लग्नं, कुणालाच वेळ नाही. डिसेंबर उरला, त्यात होड्या बाहेर असतात, म्हणजे ज्यांची गाणी त्यातले निम्मे समुद्रावर आणि खुर्चीवर पर्यटक, ही तक्रार रास्त आहे. कार्यक्रम संध्याकाळी सहालाच सुरू करतायत कारण २००० च्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, बारापर्यंतची सूट वर्षातून मोजक्या दिवसांनाच मिळते आणि ते दिवस सणांनी आधीच खाल्लेले. पूर्वी ऑर्केस्ट्रा दहाला सुरू व्हायचा.

आठ गाणी मिळून बेचाळीस मिनिटं होतात. नव्वदच्या कॅसेटची एक बाजू, तीन मिनिटं कोरी राहतात. कंपनीने तेवढ्यात बुवांचं आणखी एक गाणं बसवलं असतं.