समकक्ष समीक्षा

शास्त्रीय संशोधनपर लेख छापण्यापूर्वी त्या विषयात काम करणाऱ्या अन्य संशोधकांकडून तपासून घेण्याची पद्धत. मराठीत ‘पीअर रिव्ह्यू’ हाच शब्द अधिक रुळला आहे; विद्यापीठांत तर ‘पेपर रेफरीकडे गेलाय’ एवढे म्हटले की भागते. हस्तलिखिताची गोपनीयता राखणे, हितसंबंध उघड करणे, एकच लेख एका वेळी दोन नियतकालिकांकडे न पाठवणे या प्रकाशननीतीच्या नियमांना या पद्धतीमुळेच धार आली.

उगम : पद्धतीच्या आरंभाबद्दल मतभेद आहेत. नवव्या-दहाव्या शतकातील सीरियन वैद्य अल्-रुहावी याच्या वैद्यकनीतीवरील ग्रंथात, रोगी दगावल्यास वैद्याने ठेवलेली टिपणे इतर वैद्यांनी तपासावीत, असे सांगितल्याचा दाखला काही लेखक देतात. मात्र ती तपासणी उपचारांची आहे, लेखनाची नव्हे. म्हणून हा दाखला फार ताणू नये.

अधिक प्रचलित मत १६६५ हे वर्ष धरते. लंडनच्या रॉयल सोसायटीचा सचिव हेन्री ओल्डेनबर्ग याने त्या वर्षी मार्चमध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केले. अंकाला सोसायटीच्या कार्यकारी मंडळाने परवाना द्यावा आणि तत्पूर्वी काही सभासदांनी तो पाहून घ्यावा, असा ठराव झाला होता. हॅरिएट झुकरमन व रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये समीक्षापद्धतीची मुळे या काळापर्यंत मागे नेली आणि पुढच्या लेखनात ते वर्ष जवळजवळ गृहीतच धरले जाऊ लागले. परंतु ठरावातील ‘पाहणे’ हे छपाईच्या परवान्यासाठी होते. इंग्लंडमध्ये १६६२ च्या कायद्यानुसार परवान्याशिवाय छपाई करता येत नसे, हे ध्यानात घेतले की त्या शब्दाचा अर्थ बदलतो. काय छापायचे ते ओल्डेनबर्ग मुख्यतः स्वतःच ठरवी. अलीकडच्या इतिहासकारांचा कल १६६५ नाकारण्याकडे आहे आणि तो सयुक्तिक वाटतो.

एडिंबरो येथे १७३० च्या दशकात निघालेल्या वैद्यकीय निबंधसंग्रहाच्या प्रस्तावनेत, आलेले लेख त्या त्या विषयातील जाणत्या सभासदांकडे पाठवले जात असल्याचा उल्लेख आहे. रॉयल सोसायटीने १७५२ मध्ये निबंध-समिती नेमली. वनस्पतिशास्त्रज्ञ व लेखक जॉन हिल याने आदल्या वर्षी सोसायटीच्या प्रकाशनांची यथेच्छ टिंगल केली होती, ही त्यामागची पार्श्वभूमी. समिती गुप्त मतदानाने निर्णय घेई. कारणे देण्याचा प्रश्नच नव्हता.

लेखी अहवालाची कल्पना सोसायटीचा सभासद विल्यम व्हेवेल याने १८३१ मध्ये मांडली. त्याचा हेतू चाळणी लावण्याचा नव्हता. विद्वानांच्या अभिप्रायामुळे निबंधांचा गाजावाजा व्हावा, हा होता. पृथ्वी व शुक्र यांच्या गतींतील दीर्घ आवर्तनाच्या फरकावरील खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी याचा निबंध स्वतः व्हेवेल आणि जॉन लबक यांच्याकडे आला आणि पहिल्याच खेपेस दोघांचे जुळेना. व्हेवेलला निबंधाचे मोठेपण सांगायचे होते, तर लबकला गणिताच्या मांडणीतील उणिवा खुपत होत्या. अखेर अहवाल एकच गेला, दोघांच्या नावाने. समीक्षकाने गुण सांगावेत की चुका काढाव्यात, हा आजही न सुटलेला वाद असा पहिल्या अहवालापासूनचाच आहे.

प्रसार : विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही पद्धत सार्वत्रिक नव्हती. ‘फिजिकल रिव्ह्यू’चे संपादक जॉन टेट यांनी १९३६ मध्ये आइन्स्टाइन व नेथन रोझेन यांचा गुरुत्वीय तरंगांवरील लेख परस्पर समीक्षकाकडे धाडला. छापण्यापूर्वी तो तज्ज्ञांना दाखवण्याची परवानगी आपण दिली नव्हती, असे कळवून आइन्स्टाइन यांनी लेख परत घेतला. समीक्षकाचा आक्षेप मात्र बरोबर होता. दुरुस्त रूपात लेख १९३७ मध्ये दुसऱ्या नियतकालिकात आला. ते निनावी समीक्षक म्हणजे हॉवर्ड पर्सी रॉबर्टसन, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. वॉटसन व क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरील लेख (१९५३) ‘नेचर’ने समीक्षेविनाच छापला, तेथे १९७३ पासून समीक्षा नियमित झाली. अमेरिकेत सरकारी संशोधन-अनुदानांवर १९७० च्या दशकात वाद झाले, त्यानंतर ‘पीअर रिव्ह्यू’ ही संज्ञा विज्ञानाच्या विश्वासार्हतेची खूण बनली, असे विज्ञानाच्या इतिहासकार मेलिंडा बॉल्डविन यांचे प्रतिपादन आहे.

प्रकार : एकेरी अनामिकतेत लेखकाला समीक्षकाचे नाव कळत नाही, दुहेरीत कोणालाच कोणाचे कळत नाही. उपविषय लहान असला की संदर्भसूची पाहूनच लेखक ओळखू येतो, ही गोष्ट वेगळी. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने १९९९ पासून समीक्षकांची नावे लेखकांना कळवण्यास सुरुवात केली.

गैरप्रकार व मर्यादा : समीक्षक तर्क व पद्धती तपासतो, मूळ नोंदी सहसा त्याच्यापुढे नसतात. गोवर-गालगुंड-रुबेला लस व स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा, १२ मुलांवर आधारलेला वेकफील्ड व सहकाऱ्यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये १९९८ साली आला आणि २०१० मध्ये मागे घेतला गेला. बनावट समीक्षक हा निराळा प्रकार. लेखकाने समीक्षकांची नावे सुचवायची ही सोय. काहींनी नाव खऱ्या तज्ज्ञाचे दिले, ईमेल पत्ता मात्र आपल्याच ताब्यातला. एका प्रकरणात अहवाल चोवीस तासांत येऊ लागले आणि संपादकाला संशय आला. बनावट समीक्षेच्याच कारणावरून ‘ट्यूमर बायोलॉजी’ या नियतकालिकाचे १०७ लेख २०१७ मध्ये एकदम मागे घेण्यात आले. अशा प्रसंगी संपादकांना मार्गदर्शन करणारी ‘कोप’ ही संस्था ब्रिटनमध्ये १९९७ मध्ये स्थापन झाली.

भारत : पैसे घेऊन समीक्षेविना छापणाऱ्या नियतकालिकांचा प्रश्न येथे तीव्र आहे. विज्ञान-पत्रकार जॉन बोहॅनन यांनी २०१३ मध्ये ‘सायन्स’साठी मुद्दाम सदोष लेख ३०४ नियतकालिकांना पाठवला, १५७ ठिकाणी तो स्वीकारला गेला. या नियतकालिकांपैकी सुमारे एक तृतीयांश भारतातील होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली आणि नंतर ‘केअर’ ही मान्य नियतकालिकांची नवी यादी सुरू केली. तिच्या कामाचे केंद्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ही यादी बंद केली आणि नियतकालिक पारखण्याचे काम निकष सुचवून शिक्षणसंस्थांवर सोपवले.