तयार डिजिटल पाठ आणि वर्गापुरता बदल : पार्श्वभूमी

तयार डिजिटल साहित्य आपल्या वर्गाला साजेसे करून घेण्याची गरज सातारा-सांगलीतील शाळांना प्रकर्षाने जाणवली ती २०१५ नंतर, प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमाच्या काळात लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आले तेव्हा. त्याआधीच्या सीडी जशा येत तशाच चालवल्या जात. पाटण-जावळीच्या द्विशिक्षकी शाळांत एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात, त्यामुळे इयत्तावार पाठाचे तुकडे करून ते नव्याने जुळवावे लागतात. जत तालुक्यातील कन्नड माध्यमाच्या शाळांची अडचण तर भाषेपासूनच सुरू होते.

तयार पाठ शिक्षकाने बदलावा की नाही हा वाद रेंगाळला तो ‘मुक्त’ या शब्दावर. ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ ही संज्ञा जागतिक पातळीवर २००२ मध्ये पुढे आली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे, साहित्य कोणत्या अटींवर वापरता-बदलता येईल हे सांगणारे पहिले परवाने प्रसिद्ध झाले. आपल्याकडे मात्र मुक्त म्हणजे मोफत असाच अर्थ रुळला, आणि माझ्या मते पुढचा बराच गोंधळ तिथूनच आला. मोफत पाहता येणारा पाठ बदलण्याची मुभा देतोच असे नाही. परवान्यात फेरबदलास मनाई असेल, तर मराठी निवेदन काढून कन्नड आवाज घातलेली आवृत्ती इतर शाळांना पाठवता येत नाही. मूळ निर्मात्याचे नाव ठेवले की भागते, हा शिक्षकांमधला समज तेथे टिकत नाही. याउलट २०१३ मध्ये सुरू झालेल्या मुक्त शैक्षणिक संसाधनांच्या राष्ट्रीय भांडाराने श्रेयनिर्देश (मूळ निर्मात्याचे नाव देणे) आणि ‘समान वाटप’ या अटी स्वीकारल्या : बदल करा, वाटा, पण बदललेली आवृत्तीही त्याच अटींवर खुली ठेवा. शाळांच्या दृष्टीने हा निर्णय नुसत्या मोफत उपलब्धतेपेक्षा कितीतरी मोलाचा होता, तरी त्याची चर्चा फारशी झाली नाही.

२०१७ मध्ये शालेय डिजिटल साहित्यासाठी दीक्षा हे केंद्र सरकारचे व्यासपीठ आले, पाठोपाठ पुस्तकांत क्यूआर कोड आले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर पाठ व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरू लागले, तेव्हा परवाना कोण पाहणार? त्याच वर्षाअखेर फ्लॅश या अ‍ॅनिमेशन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा आधार संपला आणि त्यावर बेतलेले अनेक जुने स्वाध्याय उघडेनासे झाले. युनिकोड ही सर्व संगणकांवर चालणारी अक्षरपद्धती रुळण्यापूर्वीच्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर अक्षरे सांडत होताच. बदलाची कायदेशीर मुभा असूनही, हाती केवळ पीडीएफ असलेल्या शिक्षकाला पाठ पुन्हा टंकित करण्यावाचून गत्यंतर उरले नाही.