वणव्यावर हुकूम कुणाचा? घटना व्यवस्थापन पथकांची पार्श्वभूमी

सप्टेंबर १९७०च्या अखेरीस कॅलिफोर्नियात वाळवंटाकडून समुद्राकडे वाहणारे कोरडे वारे सुटले आणि १३ दिवस वणव्यांनी राज्याला उसंत दिली नाही. १६ माणसे गेली, ७००हून अधिक घरे-इमारती खाक झाल्या, पाच लाख एकरांहून जास्त रान जळाले. सॅन डिएगो परगण्यातला लगूना वणवा त्यातला सर्वांत मोठा. डोंगरात विजेची तार पडून २६ सप्टेंबरला तो पेटला आणि पाहता पाहता पावणेदोन लाख एकरांवर पसरला. ३८२ घरे आणि ८ जीव त्याने एकट्याने घेतले.

आग विझल्यावर चौकशी सुरू झाली, तेव्हा पुढे आलेली गोष्ट आजही चटका लावते. माणसे होती, बंब होते, विमाने होती, जिवावर उदार होणारेही होते. पण केंद्र सरकारची फॉरेस्ट सर्व्हिस, राज्याचे वन खाते, लॉस एंजेलिस शहर, लॉस एंजेलिस परगणा, व्हेंच्युरा, सांता बार्बरा अशी प्रत्येकाची रचना निराळी होती. एकाच्या रेडिओवरचे बोलणे दुसऱ्याला ऐकू येत नव्हते. एकेका अधिकाऱ्याच्या हाताखाली इतके लोक येत, की कोण कुठल्या उतारावर आहे हे त्याला सांगता येत नसे. आग एका खात्याच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत शिरली, की हुकूम कुणाचा, हा प्रश्न उघड्यावर पडे.

मोठ्या आगीसाठी अधिकाऱ्यांची तुकडी पाठवण्याची पद्धत फॉरेस्ट सर्व्हिसमध्ये आधीपासून होती. तिला ‘ओव्हरहेड टीम’ म्हणत. ती आपल्या खात्यापुरती चांगली चाले. पाच खाती एकत्र आली की तिचे बळ संपे.

म्हणून अमेरिकी संसदेने फॉरेस्ट सर्व्हिसला निधी दिला आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या या सगळ्या यंत्रणा एका टेबलाशी बसल्या. या उपक्रमाचे नाव फायरस्कोप. रिव्हरसाइड येथील वणवा प्रयोगशाळेचा त्यात मोठा वाटा होता. १९७०चे दशक सरता सरता त्यातून ‘इन्सिडंट कमांड सिस्टीम’, म्हणजे घटनास्थळी कुणी काय सांभाळायचे आणि हुकूम कुणाचा याची ठरलेली पद्धत, तयार झाली. आजची घटना व्यवस्थापन पथके, म्हणजे मोठी आग हाताळायला पाठवल्या जाणाऱ्या प्रशिक्षित तुकड्या, याच पद्धतीवर चालतात.

फायरस्कोपचे सर्वांत मोलाचे काम मला शब्दांचे वाटते. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकर म्हटले की एकच चित्र डोळ्यांपुढे येते. तिथे काही खात्यांत ‘टँकर’ म्हणजे पाणी किंवा आगरोधक टाकणारे विमान, तर काही खात्यांत पाण्याची गाडी. धुरात, घाईत, मोडक्या आवाजाच्या रेडिओवर असा एक शब्द उलटा समजला गेला, तर त्याची किंमत माणसाच्या जिवाने मोजावी लागते. मग ठरले, की टँकर म्हणजे विमानच. पाण्याच्या गाडीला ‘टेंडर’ म्हणायचे. प्रत्येक खात्याचे रेडिओवरचे सांकेतिक आकडे बंद झाले आणि साधी, सरळ भाषा सक्तीची झाली. पदांची नावेही सगळीकडे तीच ठेवली गेली. त्यामुळे मोंटानातला माणूस कॅलिफोर्नियात उतरला, तरी आपण कुणाला विचारायचे आणि आपल्याला कोण विचारणार, हे त्याला पहिल्या तासात कळू लागले.

रचना पाच भागांची: नेतृत्व, प्रत्यक्ष कारवाई, नियोजन, रसद आणि हिशेब. एका माणसाच्या हाताखाली शक्यतो ३ ते ७ जणच, त्याहून जास्त नाहीत. सुरक्षा अधिकाऱ्याचे काम वेगळे आणि त्याला धोक्याचे काम जागीच थांबवण्याचा अधिकार. लोकांशी आणि पत्रकारांशी बोलणारा वेगळा. नियोजन विभागात आगीची चाल वाचणारा जाणकार असतो, अनेकदा हवामान खात्याचा माणूसही तळावरच मुक्कामाला असतो. रोज सकाळी सगळ्यांसमोर दिवसाचा आराखडा वाचला जातो, वारा कधी फिरणार हेही त्यात सांगितले जाते. रसद विभाग हजार-दोन हजार माणसांचे जेवण, झोप, अंघोळ, इंधन बघतो. उपाशी, न झोपलेला जवान उतारावर चुकतो, हे या लोकांनी अनुभवातून शिकलेले आहे.

पथक मनाला येईल तेव्हा येऊन ताबा घेत नाही. जमीन ज्याच्या अखत्यारीत आहे तो अधिकारी लेखी अधिकारपत्र देतो. काय वाचवायचे, किती धोका पत्करायचा, हे त्यात लिहिलेले असते. साधारण १४ दिवसांनी पथक बदलते किंवा आग पुन्हा स्थानिक माणसांच्या हाती देते.

पथकाशिवाय लढल्या जाणाऱ्या आगीत काय निसटू शकते, ते ६ जुलै १९९४ला कोलोरॅडोतल्या स्टॉर्म किंग डोंगरावर दिसले. आग तशी लहान होती, मोठे पथक आलेले नव्हते. कोरडी थंड हवा घुसून वारा उसळणार, असा इशारा हवामान खात्याने दिला होता. तो डोंगरावरच्या ४९ जणांपर्यंत पोचलाच नाही. १४ जण गेले. इशारा पोचवणे हे ठरावीक माणसाचे काम असावे लागते, ही गोष्ट इतकी साधी आहे, की ती वाचताना अजूनही गळा दाटतो.

पथक आले म्हणजे धोका टळला, असेही नाही. ॲरिझोनातल्या यार्नेल हिल येथे ३० जून २०१३ला १९ जवान जळून गेले. त्याच सकाळी स्थानिक प्रमुखाकडून टाइप २ दर्जाच्या (सर्वांत अवघड आगींसाठीच्या टाइप १च्या खालोखाल) पथकाकडे सूत्रे गेली होती. मृत्यूंचा सगळा दोष या हस्तांतरावर टाकणे अन्यायाचे होईल. दुपारच्या वादळाने वाऱ्याची दिशाच फिरवली होती. तरी आग जोर धरत असताना हुकूम एका हातातून दुसऱ्या हातात जाणे ही सर्वांत नाजूक वेळ, हे या क्षेत्रातले लोक जाणतात. म्हणूनच पथक उशिरा बोलावण्यापेक्षा लवकर बोलावलेले बरे.

वणव्यासाठी घडलेली ही माणसे पुढे वणव्याबाहेरही लागली. २००१मध्ये न्यूयॉर्कचे मनोरे कोसळल्यावर तिथल्या अग्निशमन दलाच्या मदतीला वणव्याचे पथक गेले. फेब्रुवारी २००३मध्ये कल्पना चावला यांचे कोलंबिया यान टेक्सासवर विखुरले, तेव्हा हजारो वनजवानांनी रांगा करून रान पायाखाली घातले आणि अवशेष गोळा केले. त्या शोधाची व्यवस्थाही अशाच पथकांनी लावली. २००४मध्ये अमेरिकेने ही पद्धत सर्व प्रकारच्या आपत्तींसाठी राष्ट्रीय चौकटीत घेतली.

भारतात ती ओडिशाचे १९९९चे महाचक्रीवादळ आणि २००१चा भूज भूकंप यांच्या पाठोपाठ आली. अमेरिकी साहाय्याने प्रशिक्षण सुरू झाले, मसुरीच्या लाल बहादूर शास्त्री अकादमीचा त्यात पुढाकार होता. जुलै २०१०मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने ‘इन्सिडंट रिस्पॉन्स सिस्टीम’ची मार्गदर्शक तत्त्वे काढली. तिच्यात नेतृत्वाच्या हाताखाली चारऐवजी कारवाई, नियोजन, रसद असे तीनच विभाग आहेत, हिशेब रसदेच्या पोटात आहे आणि जिल्ह्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर आहे. मात्र इथले पथक जिल्ह्यातल्याच अधिकाऱ्यांतून उभे राहते. ज्यांच्या डोक्यावर निवडणूक, टंचाई, महसूल आधीच असतो त्यांच्यातूनच. फेब्रुवारी ते जूनमध्ये सह्याद्रीच्या गवताळ उतारावर वणवा लागला, की पहिल्यांदा धावतात ते वनरक्षक, हंगामी वनमजूर आणि गावकरी. हातात हिरव्या फांद्या आणि पाठीशी आधी काढून ठेवलेली जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळी केलेली पट्टी.

अमेरिकेतही पथके आता ताणाखाली आहेत. सदस्य हे आपली रोजची नोकरी सांभाळून येणारे लोक. एकेका पदासाठी प्रत्यक्ष आगींवर काम करून पुस्तिकेत सह्या मिळवाव्या लागतात आणि वरच्या पदाला पोचायला बरीच वर्षे जातात. अनुभवी माणसे निवृत्त होत आहेत, हंगाम लांबत चालले आहेत, घर सोडून दोन-दोन आठवडे जायला तयार असणारे कमी पडत आहेत. म्हणून टाइप १ आणि टाइप २ हा जुना भेद मिटवून ‘कॉम्प्लेक्स’ नावाची एकाच दर्जाची पथके करण्यात आली आणि २०२४च्या हंगामात तीच मैदानात उतरली.