एका कीबोर्डवर चौघं

चौघांनी मिळून मारामारीचा गेम खेळायचा म्हटलं की पहिली मारामारी व्हायची बसण्यावरून. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका सायबर कॅफेत आम्ही चौघं दोन खुर्च्यांवर अर्धे-अर्धे टेकायचो, तासाचे पैसे वाटून घ्यायचो आणि ‘लिटल फायटर 2’ लावायचो. आता माझा भाचा मोबाइलवर ‘ब्रॉलहल्ला’ खेळतो, तर त्यात आठ जण आठ घरांतून येतात. या खेळांचा इतिहास शोधायला गेलं की दरवेळी एकाच प्रश्नाशी येऊन थांबावं लागतं: यंत्रापाशी हात किती मावतात?

आधी मावायचे दोघांचेच. 1984 च्या ‘कराटे चॅम्प’मध्ये बटणच नव्हतं, दोन दांड्या वेगवेगळ्या दिशांना ओढून लाथा-बुक्क्या हाणायच्या. 1987 मध्ये कॅपकॉमचा ‘स्ट्रीट फायटर’ आला, पण गर्दी खेचली ती 1991 च्या दुसऱ्या भागानं. त्यातले कॉम्बो, म्हणजे एकाला लागून दुसरा फटका, मुळात कुणी ठरवून घातलेले नव्हते. गाडी फोडायच्या बोनस फेरीत तपासणी करताना एकात एक फटका बसतोय हे निर्माते फुनामिझु यांच्या लक्षात आलं. हे जमणार कुणाला, असं म्हणून ते तसंच राहू दिलं. पुढं सगळा प्रकारच त्या चुकीवर उभा राहिला.

त्याच 1987 सालचा ‘डबल ड्रॅगन’ मला जास्त खरा वाटतो. दोघांनी खांद्याला खांदा लावून शेवटच्या गुंडाला लोळवायचं आणि मग यंत्र म्हणणार, आता तुम्ही दोघं एकमेकांशी लढा. तिसऱ्याची सोय पुढं ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’सारख्या गेममध्ये झाली. 1993 चा हा गेम. हे नाव सांगितलं तर कुणी ओळखणार नाही, पण त्यातल्या एका गड्याचं नाव, ‘मुस्तफा’, घेतलं की चाळिशीतला कुणीही हसतो.

पण तिघांनी मिळून गुंडांना मारणं वेगळं आणि चौघांनी एकमेकांना मारणं वेगळं. घरातल्या टीव्हीवर ही चौघांची धुमश्चक्री ट्रेझर या जपानी कंपनीनं 1994 मध्ये ‘यू यू हाकुशो’ या जपानी कार्टूनवरच्या गेममध्ये करून दाखवली. 1996 च्या त्यांच्याच ‘गार्डियन हीरोज’मध्ये तर सहा जण. त्याच वर्षी टीव्हीला जोडून खेळायचं निन्टेन्डो 64 हे यंत्र आलं. त्याला कंट्रोलर जोडायच्या जागाच चार होत्या, आणि गेम बनवणाऱ्या मासाहिरो सकुराई यांना तेवढं पुरलं. आर्केडमध्ये, म्हणजे नाणी टाकून खेळायच्या यंत्रांच्या दुकानात, ‘किंग ऑफ फायटर्स ’95’ खेळताना त्यांनी समोरच्याला धू-धू धुतलं, आणि नंतर कळलं की ते नुसते हौसेनं आलेलं एक नवखं जोडपं होतं. 1999 च्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’मध्ये म्हणून पॉवरची पट्टी रिकामी होत नाही. मार खाल तसा टक्का वाढतो, आणि टक्का जितका जास्त तितके तुम्ही लांब उडता. मैदानाबाहेर पडलात की संपलं. कालच शिकलेल्यालाही यात एखादा दणका साधतो.

आमच्याकडं ते यंत्र कुणाकडंच नव्हतं. आमच्या वाट्याला आला तो हाँगकाँगच्या मार्टी वाँग आणि स्टार्स्की वाँग यांनी 1999 मध्ये फुकट वाटलेला ‘लिटल फायटर 2’. एका कीबोर्डवर चौघं, प्रत्येकाला सात बटणं, म्हणजे अठ्ठावीस. त्यातल्या फ्रीझ नावाच्या गड्यानं बर्फात गोठवायचं, फायरेननं पेटवायचं. आमच्यातल्या एकाच्या घरी माग होते, घरात तेलुगू, पण गेममध्ये त्याचं एकच वाक्य: “काय बे, बटण सोड की!”

कारण खरी लबाडी बटणातच होती. साध्या कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला वेगळी तार नसते. मागावर ताणा-बाणा असतो तशी आत आडव्या-उभ्या ओळींची जाळी असते. ठरावीक तीन बटणं एकदम दाबली की चौथं खरंच दाबलंय का भासतंय हे त्याला कळत नाही, मग तो त्या चौथ्याकडं काणाडोळा करतो. हे शास्त्र आम्हाला ठाऊक नव्हतं, पण कोणती बटणं दाबून धरली की समोरच्याची उडी अडते हे पाठ होतं. माझी जागा कायम कडेची, त्यामुळं मी बहुतेक वेळा अडकलेलाच असायचो. लोडशेडिंगची वेळ झाली की जिंकणारा आणि अडकलेला दोघंही अंधारात.

‘ब्रॉलहल्ला’ 2017 मध्ये पूर्ण स्वरूपात आला. घाट ‘स्मॅश’चाच, मैदानाबाहेर उडवायचं. कोपर लागायचा प्रश्न मिटला, पण दुसऱ्याच्या बटणाचा संदेश नेटवरून यायला वेळ लागतो. त्यावर टोनी कॅनन या प्रोग्रामरनं लढतीच्या खेळांसाठी आधीच एक तोड काढली होती: समोरचा आता काय दाबेल याचा यंत्रानं अंदाज बांधून खेळ पुढं न्यायचा आणि अंदाज चुकला तर क्षणभर मागं जाऊन दुरुस्त करायचा. अशा वेळी पडद्यावरचा गडी एका जागेवरून एकदम दुसरीकडं उगवतो. परवा भाच्याच्या खोलीतून आवाज आला, “मुद्दाम नेट स्लो केलंस बे तू!”